वाट मोडते तेव्हा

आमच्या घरात ‘ट्रेक’ हा शब्द आला तो पुतण्याबरोबर. आमच्या वेळी आम्ही नुसतं ‘गडावर जाणं’ म्हणत असू. पाठीवर कॅन्व्हासची हॅवरसॅक, तिच्यात वातीचा स्टोव्ह, रॉकेलची बाटली आणि बाटलीचं बूच कितीही घट्ट लावलं तरी तिसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांना येणारा रॉकेलचा वास. पुतण्याच्या सॅकला मात्र इतके पट्टे आणि बंद आहेत की ती पाठीवर चढवायला आधी शिकवणी लावावी.

२०२४ च्या दिवाळीत फराळ करता करता तो म्हणाला, ‘काका, राजगड-तोरणा-रायगड तुम्ही केलं होतंत ना? परत करू या. तुम्ही वाट दाखवा.’

शेवटचं वाक्य त्यानं उगाच म्हटलं. साठी उलटलेल्या माणसाला ‘तुम्ही वाट दाखवा’ असं सहसा कुणी म्हणत नाही. मी लगेच हो म्हटलं. आमच्या सौ.नं चकलीचा डबा बंद करता करता एवढंच विचारलं, ‘गुडघ्याचा एक्स-रे कपाटावर ठेवलाय, तो बरोबर नेणार का?’

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरलं की एक लांबलचक डोंगरधार पश्चिमेला तोरण्याकडे जाते. ती थेट तोरण्याच्या बुधला माचीला भिडते. तोरणा १,४०३ मीटर उंच. तिथून पुढे उतरून वरोती, मोहरी, सिंगापूर अशी घाटमाथ्यावरची छोटी गावं लागतात. (हो, सिंगापूर. पासपोर्ट लागत नाही, हा विनोद तिथल्या लोकांनी आपल्यापेक्षा जास्त वेळा ऐकला आहे.) सिंगापूरच्या पुढे जमीन संपते. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या पलीकडे रायगड आणि पायाखाली दीड-दोन हजार फूट कोकण. हा कडा उतरायला नाळा आहेत. नाळ म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यातली उभी घळ. पावसाळ्यात ओढा, एरवी वाट. बोराट्याची नाळ लिंगाण्याजवळ उतरते, ती दगडाधोंड्यांची आणि अवघड. सिंगापूरची नाळ त्या मानानं माणसांची. ती खाली दापोलीला नेते. ही दापोली रत्नागिरी जिल्ह्यातली नव्हे, महाड तालुक्यातलं छोटंसं गाव. तिथून काळ नदीच्या खोऱ्यातून रायगड. तीन दिवसांचा मामला.

माझी आणि सिंगापूरची ओळख मात्र किल्ल्यांमुळे झाली नाही, शेळ्यांमुळे झाली. १९८६ साली मी बँकेच्या घाटमाथ्यावरच्या एका शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी आणि शेळ्या यांची कर्जं आम्ही वाटायचो, मग त्या जागेवर आहेत की नाहीत हे बघायला डोंगर तुडवायचो. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे. जनावर मेलं तर बिल्ला हजर करावा लागे, त्यामुळे काही म्हशी कागदोपत्री दोन-दोनदा मेलेल्या मी पाहिल्या आहेत. असो. सिंगापूरच्या ज्या माणसाच्या शेळ्या पाहायला मी गेलो त्याच्याकडे शेळ्या पुऱ्या होत्या, उलट दोन जास्तच. तो माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणू लागलो, तो मला सायेब म्हणत राहिला. आजही आमचं तेच चालू आहे.

पुढच्या वर्षी, १९८७ च्या डिसेंबरात, बँकेतले दोन मित्र घेऊन मी राजगडाहून चालत निघालो आणि तिसऱ्या दिवशी दादांच्या दारात उभा राहिलो. नाळेतून आम्हाला त्यांनीच उतरवलं. अनवाणी. खांद्यावर कोयता आणि डोक्यावर धाकट्या बहिणीसाठी वरईचं गाठोडं. बहीण दापोलीत दिलेली. आम्ही तिघं बूट घालून घसरत होतो आणि दादा मागे वळून वळून आमच्यासाठी थांबत होते.

त्या दिवशी नाळेत आम्हाला किती माणसं भेटली असतील? मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं: सतरा. सुकट-बोंबलाच्या टोपल्या घेऊन वर येणाऱ्या तीन बायका, एक माहेरपणाला निघालेली पोर आणि तिचा सासरा, मुलगी बघायला चाललेले चार बाप्ये, त्यातल्या एकाच्या डोक्यावर नवा पांढरा फेटा. एक म्हातारा कोंबडा घेऊन. वाट कशी म्हणाल, तर घराच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत. जिथे ओढ्याचं पात्र एकदम पंचवीसेक फूट तुटतं, तिथे वाट एका उंबराच्या झाडापाशी पात्र सोडून डाव्या अंगानं आडवी निघायची आणि एका दांडावरून फिरून खाली पुन्हा पात्रात यायची. दगड मांडून पायऱ्या केलेल्या होत्या. कुणी केल्या, असं मी विचारलं तर दादांना प्रश्नच कळला नाही. ‘कोन म्हंजी? जानारे-येनारे.’

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा जो उतरेल त्यानं कोयता घेऊन उतरायचं, वाटेत आलेली कारवी तोडायची, ढासळलेला धोंडा सरळ करायचा, असा रिवाज होता. ठरलेला नव्हे, कुणी कुणाला सांगत नसे. दसऱ्यानंतर बहिणीकडे जायचंच असायचं आणि जायचं तर वाट लागायचीच.

आता माझ्या वाट्याचं सांगतो. १९८९ साली जवळच्या एका गावातल्या माणसानं आमच्या शाखेकडे जीपसाठी कर्ज मागितलं. रस्ता म्हणजे नुसता मातीचा, तोही चार महिने बंद. आमचे व्यवस्थापक म्हणाले, ‘जीप चालणार कुठे?’ मी टिपण लिहिलं. सविस्तर, चांगलं दोन पानी. (माझ्या कादंबऱ्यांबद्दल समीक्षक काहीही म्हणोत, माझी कर्जमंजुरीची टिपणं वाचनीय असत.) जामीनदार दोन होते, त्यातले एक दादा. कर्ज मंजूर झालं. जीप आली, मागोमाग खडी आली, नंतर डांबर आलं. हप्ते, दोन सोडले तर, वेळेवर आले. काही वर्षांनी माझी बदली झाली आणि मी ते सगळं विसरलो.

या कर्जाचा मला पश्चात्ताप आहे असं कुणी समजू नये. दादांची वहिनी बाळंतपणात अडली आणि डोलीतून वेल्ह्याकडे नेताना वाटेतच गेली, ही गोष्ट त्यांनी मला त्या जामिनाच्या कागदावर अंगठा उठवतानाच सांगितली होती. ‘गाडी आसती तर,’ एवढंच म्हणाले होते. वाटेच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या शहरी माणसानं त्या डोलीचा एक दांडा खांद्यावर घेऊन बघावा.

पण जीप गेली घाटमाथ्यानं, पूर्वेकडे, वेल्ह्याच्या बाजाराला. दापोलीची माणसं महाडच्या बाजाराला. बाजार बदलले, तशा सोयरिकीही बदलल्या. नाळेच्या दोन टोकांची माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघे निघालो. पहाटे गुंजवण्याहून राजगड चढलो आणि संजीवनी माचीवरून धारेला लागलो. इथे वाट सापडत नाही असं होणं शक्यच नाही. उलट ती नको इतकी आहे. शनिवार-रविवारी शेकडो माणसं या धारेवरून जातात. माझ्या आठवणीत जी पाऊलवाट होती तिचा आता चर झाला आहे, कुठे कुठे गुडघाभर खोल. गवत गेलं, माती उघडी पडली, पावसानं ती वाहून नेली आणि खाली मुरूम राहिला. तो पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. मग लोक चराच्या कडेनं चालतात, तिथे दुसरा चर पडतो. एका ठिकाणी मी शेजारी शेजारी चार वाटा मोजल्या. दगडांवर बाण आहेत, पांढरे, पिवळे, भगवे, प्रत्येक मंडळाचा आपला रंग; एका कातळावर तर दोन बाण समोरासमोर तोंड करून भांडत होते. धारेवर मध्येच डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे थांबून पाणी प्यालो. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात पोचेपर्यंत अंधार पडला. माझा उजवा गुडघा बोलायला लागला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याच वर्षी ११ जुलैला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. राजगड त्यात आहे, रायगड आहे. आनंद झाला, घरी पेढे आणले. पण जुनी सवय जात नाही, मी यादी दोनदा वाचली. तोरणा त्यात नाही. आणि राजगडाहून रायगडाला जाणारी वाट कुठल्याही यादीत असायचं कारणच नाही. राजधानी राजगडाहून रायगडाला गेली तेव्हा सगळं सामानसुमान, दफ्तर, माणसं अशा घाटवाटांनीच उतरली असणार. दोन टोकांना पाटी लागली, मधला दोरा तसाच.

बँकेत आम्ही मालमत्तेला पहिला प्रश्न विचारायचो: मालक कोण? वाटेला मालक नसतो. गावनकाशात तुम्ही पाहिलंत तर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेला असतो आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेनं. ती रेघ हाच तिचा सातबारा. कुणी तुमची वाट अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण पाऊस आणि कारवी यांना प्रतिवादी कसं करणार? ज्या घाटांवर सरकारला उत्पन्न होतं ते सरकारांनी राखले. जुन्नरच्या नाणेघाटात जकातीचा म्हणून भला मोठा दगडी रांजण आजही दाखवतात. बोरघाटाचा रस्ता १८३० साली इंग्रजांनी केला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे नेली. सिंगापूरच्या नाळेतून सुकट आणि लेकी-सुना जायच्या. त्यावर कोण जकात बसवणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला सिंगापूर गाठलं. दादा अंगणात बसले होते. सत्तरी कधीच ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण आवाजावरून ओळखलं. ‘सायेब, शेळ्या मोजाया आलाव का?’

नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं झालं. मी नाळेचा विषय काढला. दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

‘वाट ऱ्हायली न्हाई सायेब. मोडली. आता कोन जातंय तिकडनं?’

२०२१ च्या जुलैतला तो पाऊस वाचकांना आठवत असेल. २२ जुलैला याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या पावसानंतर नाळेचा वरचा टप्पा पहिल्यासारखा राहिला नाही, असं दादांनी सांगितलं. पण मोडायला सुरुवात आधीच झाली होती. गुरं कमी झाली, कारण पोरं पुण्याला गेली. गुरं नाहीत म्हणून गवत-कारवी माजली. कारवी दर सात वर्षांनी फुलते, मरते आणि तिच्या बियांचं रान पुन्हा उठतं. पूर्वी कुडाच्या भिंतींसाठी लोक ती तोडून नेत, आता भिंती विटांच्या झाल्या. माणूस जाईना म्हणून दगड सरळ होईना, दगड सरळ नाही म्हणून पाणी वाटेनं धावू लागलं आणि पाणी धावल्यावर माणूस अजिबातच जाईना.

‘बहिणीकडे कसे जाता मग?’

‘जीपनं येल्ह्याला, मंग येष्टी, मंग दुसरी येष्टी. येक दीस जातो. आता डोळं न्हाईत, म्हून तेबी न्हाई.’ मग खिशातला बटणांचा मोबाइल काढून दाखवला. ‘ह्यो हाय. पर गावात रेंज न्हाई, कड्याव जावं लागतं. तिथनं तिचं घर दिसतं. म्हंजी दिसायचं.’

पुतण्या त्यांच्याकडे बघत राहिला.

दादा म्हणाले, ‘राती ऱ्हावा, सकाळी नातू येईल संगती.’ इथे माझी चूक झाली, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही. पुतण्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, हे निमित्त. खरं कारण दिवाळीतलं ते वाक्य, ‘तुम्ही वाट दाखवा.’ मी म्हटलं, ‘दादा, मी उतरलोय की इथून. अडीच तासांचं तर काम.’ दादांनी पुन्हा आग्रह केला नाही. आत जाऊन फडक्यात बांधलेली वरई आणली. ‘जाताय तर येवढी बहिनीला द्या. दोन शेर हाय.’ ती मी सॅकमध्ये घातली आणि दोन वाजता निघालो.

वरचा टप्पा धोंड्यांचा. टेबलाएवढे, खाटेएवढे दगड एकमेकांवर टेकलेले, त्यातले निम्मे हलणारे. पुतण्याच्या फोनमध्ये कुणीतरी पूर्वी चालून नोंदवून ठेवलेली वाट होती, निळी रेघ. ती रेघ एका ठिकाणी सरळ हवेतून गेली. तिथली जमीनच उरली नव्हती. मी म्हटलं, ‘बंद कर ते. उंबर येईल, तिथून डावीकडे.’

उंबर आलं नाही. आम्ही पात्र तुटतं तिथवर पोचलो, पंचवीस फुटांचा कोरडा कडा. म्हणजे उंबर मागे राहिलं. परत वर चढलो, डावी बाजू धुंडाळली. झाड नव्हतं, पायऱ्या नव्हत्या. तांबडा, ओला दिसणारा घसारा होता आणि त्यावर करवंदीची जाळी. थोडं वर एक वाट आडवी जात होती. स्पष्ट, मळलेली. मला इतका आनंद झाला की मी पुतण्याला, ‘बघ, सांगितलं होतं ना,’ असंही म्हणून घेतलं.

ती ढोरवाट होती. जनावरं चरायला जातात ती वाट पाण्याला नाहीतर गवताला जाते, गावाला जात नाही. हे मला दादांनीच १९८७ साली शिकवलं होतं. वीस मिनिटं चालून आम्ही एका वाळक्या गवताच्या उतारावर आलो आणि तिथे ती वाट गवतात मिसळून गेली. पुढे उतार, उताराच्या पुढे काही नाही. साडेपाच वाजले होते.

मागे फिरलो. पुतण्या पुढे आणि खाली, मी मागे आणि वर. हीसुद्धा चूकच, अशा जागी एकाच्या डोक्यावर दुसऱ्यानं चालू नये. मी गुडघा सावरायला एका दगडाचा आधार घेतला आणि तो दगड माझ्या हाताखालून निघाला. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुतण्या बुटाची नाडी बांधायला वाकला होता. दगड त्याच्या पाठीवरून, सॅकच्या कडेला घासून गेला. बाजूच्या कप्प्यातली पाण्याची बाटली घेऊन गेला. खाली जाताना त्याचा आवाज बराच वेळ येत होता.

पुतण्या सावकाश उठला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, आता बसू या.’ त्यानंतर तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

घसाऱ्याच्या वरच्या अंगाला एका कातळाच्या पदरावर आम्ही बसलो. एक विजेरी, अर्धा लिटर पाणी, चार लाडू. फोनला रेंज नाही. अंधार पडला तसे खाली दापोलीचे दिवे लागले. मोजता येतील इतके आणि हात लांब केला तर लागतील इतके जवळ. थंडी वाजायला लागली. माझ्या डोक्यात सारखा माझा धाकटा भाऊ येत होता. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. हा त्याचा एकुलता एक. बँकेत असताना दुसऱ्यांच्या कर्जांना जामीनदार कोण, हे मी बारकाईनं बघत असे.

नऊच्या सुमाराला वरून हाक आली. ‘ओऽऽ’. आधी मला भास वाटला. पुतण्यानं विजेरी दाखवली. अर्ध्या तासानं दादांचा नातू आणि त्याचा एक सोबती कोयत्यानं कारवी तोडत, गप्पा मारत, खाली आले. नाक्यावर भेटल्यासारखं विचारलं, ‘काय काका, उंबर शोधत व्हता ना? ते गेलं एकवीसला.’

झालं होतं असं. आम्ही निघाल्यावर दादा नातवाचा हात धरून कड्यावर गेले आणि बहिणीला फोन केला: दोघं जण उतरतायत, माझा सायेब हाय, दिवेलागणीपर्यंत तुझ्या दारात आले नाहीत तर कळव, मी हितंच बसतो. दापोलीत त्या बाईनं दोन माणसांचा भात टाकला. सात वाजता ती गावाबाहेर नाळेच्या तोंडापर्यंत येऊन गेली. मग फोन केला. दादा तोवर थंडीत कड्यावर बसूनच होते.

वर चढायला आम्हाला दोन तास लागले. गुडघ्याचं काय झालं ते सांगत बसत नाही. दादा दारात घोंगडी पांघरून उभे होते. मी काय बोलावं ते सुचेना. त्यांनीच विचारलं, ‘वरई सांडली न्हाई नव्हं?’

दुसऱ्या दिवशी मोहरीपर्यंत रखडत आलो आणि तिथून जीपनं वेल्ह्याला. ड्रायव्हर पोरगेलासा होता. मी त्याला विचारणार होतो, इथली पहिली जीप कुणाची ठाऊक आहे का म्हणून. पण पुतण्या खिडकीला डोकं टेकून झोपला होता, मग राहू दिलं.

सौ.ला सगळं सांगितलं. दगडाचंही सांगितलं, लपवलं नाही. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं सॅक रिकामी करताना म्हणाली, ‘हे गाठोडं कुणाचं?’

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुतण्याच्या गाडीनं निघालो. ताम्हिणी घाट, माणगाव, महाड, मग आत. सिंगापूरच्या कड्यावरून जे घर दिसतं तिथे जायला पुण्याहून सकाळी सहाला निघून दुपारचा एक वाजला. घर लगेच सापडलं. गावात शिरताच एकानं विचारलं, ‘त्या राती नाळंत अडकलेलं तुमीच का?’

दादांच्या बहिणीचा चेहरा दादांसारखाच. मी गाठोडं पुढे केलं. तिनं ते घेतलं, सुपात ओतलं, दाणे बोटांनी पसरले. ‘औंदा बारीक हाय,’ म्हणाली. मग सौ.ला आत नेऊन पाणी दिलं, चुलीवर भात चढवला आणि म्हणाली, ‘त्या दिवसाचा भात कुत्र्यानं खाल्ला.’

अंगणातून मी वर पाहिलं. खालून नाळ म्हणजे कड्याच्या अंगावरची एक काळी सुरकुती. आम्ही कुठे बसलो होतो ते पुतण्यानं बोटानं दाखवलं. मला काही ते ओळखता आलं नाही. तिनं दाखवलं ते वेगळंच, बरंच उजवीकडे: ‘वाट तितनं निघती. निघायची.’ तिच्या नातवानं म्हटलं की दिवाळीनंतर पोरं जमली तर खालून कोयते घेऊन जाऊन बघू, वरची पोरं वरून आली तर. ‘दोन वर्सं आसंच म्हन्तोय,’ ती म्हणाली.

तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला तिचा फोन वाजला.

‘आली रं दादा, वरई आली. व्हय, तिगं बी आल्यात, बायको घिऊन आल्यात... जेवत्यात आता.’ मग फोन माझ्या हातात दिला.

‘सायेब,’ दादा पलीकडून ओरडत होते, वारा भरून येत होता, ‘कड्याव हाय मी. नातवाला हात करायला लावलाय. बगा दिसतो का.’

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन येत होतं, काहीच दिसलं नाही. सौ.नं तरी हात वर केला.